लॉकडाउनमधे रस्ते ओस पडले होते, तरी रात्री भिंती गरम का लागायच्या?

मार्च संपत आला की एक फॉरवर्ड हमखास परत फिरायला लागतो. लॉकडाउनमधे गाड्या बंद होत्या, कारखाने बंद होते, तेव्हा म्हणे शहरांचं तापमान अमुक इतक्या डिग्रीने उतरलं होतं, सोबत सॅटेलाइटचे दोन नकाशे, डावीकडे २०१९ चा लालभडक आणि उजवीकडे २०२० चा पिवळा-हिरवा. खाली लिहिलेलं असतं की बघा, माणूस घरात बसला की शहर गार होतं. मागच्या आठवड्यात हा नकाशा मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि माझ्या भाचीने विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" तिला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून हे लिहायला बसलो.

मला स्वतःला तो एप्रिल चांगला आठवतोय. आम्ही पुण्यात, बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. रात्री अकराला खिडकीत उभं राहिलं तर खाली मेन रोडवर एकही गाडी नाही, लांबून टिटवीचा आवाज येतोय, आकाशात एरवी दिसत नाहीत इतके तारे. आणि तरीही बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला की ती चक्क कोमट. आई म्हणायची, "अरे दिवसभर तापलीय ती, अशी लगेच नाही निवायची." पुढे या विषयावर जे जे वाचलं त्यात मला आईचं हेच वाक्य परत परत भेटत गेलं, फक्त आकडे लावून.

आधी शहराला 'उष्णतेचं बेट' का म्हणतात ते बघू

रात्री नऊ-दहाला टू व्हीलरवरून शहरातून सिंहगडाच्या दिशेने गेलात तर खडकवासल्याच्या अलीकडेच कुठेतरी अंगाला एकदम गार हवा लागते. तेच गाव, तेच आकाश, तोच वारा, पण पाच-सात किलोमीटरमधे हवा बदलते. शहर आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा जास्त गरम राहतं, म्हणजे गार समुद्रात एक गरम बेट असावं तसं, म्हणून त्याला हीट आयलंड म्हणतात. हे काही आजचं नाही, लंडनमधे ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोज तापमान नोंदवून दाखवलं होतं की शहर, खास करून रात्री, बाहेरच्या गावांपेक्षा गरम असतं. ढगांना आपण आज जी नावं देतो ती देणारा पण हाच माणूस, आणि तेव्हा लंडनमधे एकही मोटार नव्हती हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बेट तयार व्हायची कारणं साधारण चार. पहिलं, काँक्रीट, डांबर, दगड ही सगळी उष्णता साठवणारी माणसं आहेत, दिवसभर खिसे भरतात आणि रात्रभर हळूहळू रिकामे करतात. दुसरं, माती आणि झाडं नसल्यामुळे पाणी उडून जाऊन जो गारवा मिळतो तो मिळत नाही. माठातलं पाणी गार का राहतं तर मडक्याच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, संध्याकाळी अंगणात सडा घातला की बरं वाटतं तेही त्यामुळेच. फरशी घातलेल्या पार्किंगला अंगावर घाम यायची सोयच नाही. तिसरं, अरुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना दहा दहा मजले, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री आकाशाकडे निघून जायच्या ऐवजी समोरच्या भिंतीवर आपटून परत येते, आणि वारा पण अडतो. आणि चौथं कारण म्हणजे आपण स्वतः जी उष्णता तयार करतो ती, गाड्यांची इंजिनं, एसीचे बाहेरचे युनिट, कारखाने, जनरेटर, गॅस, सगळं.

आता बघा, २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाउन लागला तेव्हा या चारपैकी बंद झालं ते फक्त चौथं, आणि तेही पूर्ण नाही कारण घरं चालूच होती, उलट सगळे घरात असल्यामुळे दिवसभर पंखे-कूलर-फ्रिज-गॅस जास्तच चालू. बाकी तीन कारणं, म्हणजे काँक्रीट, झाडांचा अभाव आणि इमारतींची दाटी, यांच्यावर लॉकडाउनचा काहीच परिणाम नव्हता.

मग ते चौथं कारण किती मोठं?

इथे थोडा हिशोब करू. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण साडेनऊ युनिट ऊर्जा निघते, युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच युनिट. गाडी पुढे ढकलायला त्यातलं पाव-एक कामाला येतं, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जातं, आणि जे कामाला येतं तेही शेवटी ब्रेक, टायर आणि हवेच्या घर्षणात उष्णताच होतं. थोडक्यात पेट्रोलची सगळीच्या सगळी ऊर्जा शहराच्या हवेत उष्णता म्हणून जाते. एका लिटरमधे शंभरेक लिटर पाणी उकळता येईल इतकी. ऐकायला खूप वाटतं, आणि आहेच.

पण आता वर बघा. एप्रिलमधे पुण्यासारख्या ठिकाणी एका चौरस मीटर जागेवर दिवसभरात साधारण साडेसहा युनिट ऊन पडतं. हजार स्क्वेअर फुटाची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे त्या एका गच्चीवर दिवसाला ६०० युनिट, म्हणजेच ६० लिटरहून जास्त पेट्रोल जाळल्याइतकी ऊर्जा. रोज. एका गच्चीवर. एक चौरस किलोमीटरचा पूर्ण भाग धरला तर साडेसहा-सात लाख लिटर पेट्रोलइतकं ऊन एका दिवसात पडतं. त्यातलं काही परत परावर्तित होतं, तरी जे उरतं ते शोषून घ्यायला काळा रस्ता आणि उघडी स्लॅब तयारच असते. त्यामुळे गाड्या थांबल्या तेव्हा शहराच्या शेगडीचा एक छोटा बर्नर बंद झाला, मोठा बर्नर डोक्यावर तसाच पेटलेला होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, की हा छोटा बर्नर सगळीकडे छोटाच असतो असं नाही. टोकियोच्या मध्यवर्ती भागात जिथे उंच ऑफिसं दाटीने आहेत तिथे माणसांनी तयार केलेली उष्णता दिवसा एका चौरस मीटरला ४०० वॉटच्या वर जाते असा अंदाज मांडला गेलाय, आणि भर दुपारचं कडक ऊन हजार वॉटच्या आसपास असतं, म्हणजे तुलना करा. शिवाय रात्रीची गोष्ट वेगळी. दिवसा तापलेली हवा वर दोन-तीन किलोमीटरपर्यंत मिसळते, रात्री मात्र जमिनीलगतची हवा पातळ थरात बसून राहते. एक चमचा मीठ पातेलंभर आमटीत कळत नाही पण वाटीभर आमटीत लगेच कळतं, तसं रात्री एसी आणि गाड्यांची तेवढीच उष्णता जास्त जाणवते. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे रात्रीचं तापमान एका डिग्रीहून जास्त वाढू शकतं असं संशोधकांनी मॉडेलवर काढलं होतं. त्यामुळे माणसाच्या उष्णतेने काही होत नाही असं मी म्हणत नाहीये, प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे.

सॅटेलाइट नक्की काय मोजतं?

फॉरवर्डमधल्या नकाशाचा घोळ इथून सुरू होतो. आपण ज्याला "आज ४० डिग्री होतं" म्हणतो ते हवेचं तापमान असतं, हवामान खात्याच्या वेधशाळेत जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत मोजलेलं. सॅटेलाइट मोजतं ते पृष्ठभागाचं तापमान, म्हणजे रस्ता, पत्रा, गच्ची, झाडाचा शेंडा, उघडं शेत हे स्वतः किती तापलंय ते. तवा आणि तव्याच्या वर एक फूट धरलेला हात, इतका फरक या दोन्हीत असू शकतो. हवा ४० असताना दुपारी डांबर साठीपर्यंत जातं, अनवाणी गाडीपर्यंत चालून बघितलेल्या कुणालाही हे माहिती आहे. त्यामुळे "शहराचं तापमान तीन डिग्री उतरलं" असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की कुणाचं, हवेचं की पत्र्याचं?

दुसरी अडचण वेळेची. जास्त बारीक नकाशे ज्यातून येतात तो लँडसॅट ८ नावाचा सॅटेलाइट एकाच जागेवरून १६ दिवसांनी एकदा जातो, आणि तोही सकाळी साडेदहाच्या आसपास. टेरा आणि अ‍ॅक्वा हे दोन सॅटेलाइट रोज दिवसा आणि रात्री बघतात पण त्यांचा एक ठिपका म्हणजे जवळपास एक किलोमीटर, त्यात सोसायटी, नाला, मैदान सगळं एकत्र मिसळतं. ढग असले तर दोघांनाही काहीच दिसत नाही. म्हणजे लँडसॅटचा एप्रिल २०१९ चा नकाशा आणि एप्रिल २०२० चा नकाशा हे बऱ्याचदा दोन महिन्यांचे नसतात, दोन सकाळचे असतात. मंडईत एका वर्षी १५ एप्रिलला मेथीची जुडी ३० ला मिळाली आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला १० ला मिळाली, एवढ्यावरून मेथीच्या भावाबद्दल सिद्धांत मांडायचा का? आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, आवक किती होती, काहीतरी विचारू ना आपण.

"पण खरंच तापमान कमी होतं की तेव्हा!"

हो, बऱ्याच ठिकाणी होतं, आणि ते नाकारायची गरज नाही. पण का होतं हे बघायला महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ, कारण ते इतकं स्पष्ट आहे की मला आश्चर्य वाटतं लोक ते विसरले कसे.

२०१९ चा उन्हाळा आठवा. त्याच्या आधीचा पावसाळा दगा देऊन गेलेला, ऑक्टोबर २०१८ मधे राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. मराठवाड्यात चारा छावण्या, टँकर, विहिरींचे तळ दिसत होते. माती पार भाजून निघालेली. त्या एप्रिलच्या शेवटी पुण्यात पारा ४३ च्या आसपास गेला होता, एप्रिलमधलं इतकं तापमान पुण्याने शंभरेक वर्षांत पाहिलं नव्हतं. आता त्यानंतर काय झालं? २०१९ चा पावसाळा देशभरात सरासरीच्या ११० टक्के, ऑगस्टमधे सांगली-कोल्हापूरला महापूर, आणि परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, इतका की उभी पिकं सडली. धरणं भरली, विहिरी भरल्या, मातीत ओल राहिली. वर आणखी २०२० च्या मार्च ते मे मधे देशात पूर्वमोसमी पाऊसही सरासरीपेक्षा जास्त झाला, उत्तरेकडे तर पश्चिमी वाऱ्यांचे झंझावात एकामागून एक येत होते.

ओल्या मातीवर पडलेलं ऊन आधी पाणी उडवण्यात खर्च होतं, उरलं तर माती तापवतं. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण पाऊण युनिटच्या आतबाहेर उष्णता घेऊन जातं. कोरड्या मातीला हा खर्च नाही, सगळं ऊन थेट तापण्यात. म्हणजे २०१९ विरुद्ध २०२० ही तुलना नुसती गाड्या विरुद्ध लॉकडाउन अशी नव्हतीच, ती दुष्काळ विरुद्ध ओलं वर्ष अशी पण होती, आणि यातलं काय किती हे दोन नकाशे शेजारी ठेवून कधीच कळणार नाही. ज्या अभ्यासांनी फक्त या दोन वर्षांची तुलना केली त्यांच्या दोन-तीन डिग्रीच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास बसत नाही तो यामुळे. ज्यांनी मागच्या पाच-दहा किंवा जास्त वर्षांच्या सरासरीशी तुलना केली, पाऊस आणि ढग वेगळे काढले, त्यांचे आकडे बरेच छोटे येतात.

आणि लॉकडाउन चालू असतानाच २६ मे २०२० ला राजस्थानात चुरूला पारा ५० ला पोचला होता, त्याच दिवशी दिल्लीत पालमला ४७.६. निर्बंध थोडे सैल झाले होते, पण रस्ते नेहमीसारखे मुळीच नव्हते.

हवा स्वच्छ झाली आणि ऊन जास्त खाली आलं

आता सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला पंजाबातल्या जालंधरच्या लोकांना घराच्या गच्चीवरून हिमालयातल्या धौलाधारच्या बर्फाच्या रांगा दिसल्या, किती जणांना आयुष्यात पहिल्यांदा. मुंबई-दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे गाड्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातला एक वायू, आदल्या वर्षीपेक्षा ४० ते ५० टक्के कमी झालेला युरोपच्या सॅटेलाइटने पाहिला. नासाने सांगितलं की उत्तर भारतावरच्या हवेतले बारीक कण त्या काळासाठी २० वर्षांतल्या नीचांकावर गेलेत. या बारीक कणांना एरोसोल म्हणतात, धूर, धूळ, काजळी, सल्फेट सगळं त्यात आलं.

हे कण म्हणजे शहरावर धरलेली मळकट ताडपत्री. त्यातले बरेचसे कण ऊन परत वर उधळतात किंवा वरच्यावर अडवतात, जमिनीपर्यंत कमी पोचू देतात. १९९१ मधे फिलिपाइन्समधे पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा असेच कण खूप उंचावर जाऊन बसले आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्धा डिग्री उतरलं होतं. लॉकडाउनमधे नेमकं उलट झालं, ताडपत्री काढली गेली. निरभ्र दिवशी जमिनीवर जास्त ऊन पोचलं. म्हणजे एका हाताने गाड्यांची उष्णता कमी झाली आणि दुसऱ्या हाताने सूर्याने थोडी जास्त दिली, त्यामुळे काही ठिकाणी पृष्ठभागाचं दिवसाचं तापमान उतरायच्या ऐवजी चढलेलं दिसलं, युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या काही भागांत असे निष्कर्ष आलेत. रात्री मात्र हेच कण, खास करून धूळ, जमिनीतून निघणारी उष्णता थोडी अडवतात, चादरीसारखी, ती चादर पातळ झाली तर रात्री थोडा गारवा मिळू शकतो. दिवस आणि रात्र वेगळी बघावी लागते ती अशी.

इथे भाचीने लगेच विचारलं, मग प्रदूषण चांगलं म्हणायचं का, सावली देतं तर? अजिबात नाही, आणि हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा कारण असं म्हणणारे भेटतात. हेच कण फुप्फुसात आणि रक्तात जातात, दम्याच्या आणि हृदयाच्या पेशंटला मारतात. काजळीचे कण तर ऊन शोषून हवा स्वतःच तापवतात. आणि त्यांची सावली टिकत नाही, एक चांगला पाऊस झाला की कण धुऊन जातात, पण त्याच चिमणीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं वर राहतो. विषारी ताडपत्रीची सावली कुणाला नकोच आहे.

बेट म्हणजे वजाबाकी, आणि वजाबाकीत दोन आकडे असतात

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बातम्यांमधे तो जवळपास कधीच येत नाही. शहर किती गरम आहे हा एक प्रश्न झाला. हीट आयलंड किती हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर म्हणजे शहराचं तापमान वजा त्याच दिवशीचं आजूबाजूच्या गावाचं तापमान. या पद्धतीचा फायदा असा की पाऊस झाला, ढग आले, थंड वारा आला तर तो दोघांवरही येतो, बराचसा वजा होऊन जातो. पण तोटा असा की गावाकडे काही बदललं तरी बेट बदललेलं दिसतं, शहरात काहीही झालेलं नसताना.

आपल्याकडे तर गंमत अशी की उन्हाळ्यात दिवसा बऱ्याच शहरांचं बेट उलटंच असतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ मधे ८४ भारतीय शहरांचा सॅटेलाइटवरून अभ्यास केला तेव्हा पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात दिवसा बहुतेक शहरं आजूबाजूच्या भागापेक्षा गार निघाली. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमधे फिरलेल्याला याचं नवल वाटणार नाही. रब्बी निघालेली, शेतं उघडी, काळी माती भेगाळलेली, बांधावर एखाददुसरी बाभूळ, त्यापेक्षा शहरात निदान रस्त्याकडेची झाडं, बागा, नळाचं पाणी आणि इमारतींची सावली असते. रात्र झाली की उघडी माती भराभर निवते आणि काँक्रीट धरून बसतं, मग बेट परत सुलटं होतं.

आता २०२० टाका यात. ओल्या वर्षामुळे गावाकडे हिरवं जास्त, माती ओली, गाव दिवसा नेहमीपेक्षा गार. शहर तेवढंच तापलं तरी वजाबाकी वाढली. उत्तर भारतातल्या शहरांवरच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष तर सरळ असा होता की माणसांची हालचाल कमी झाली तरी हीट आयलंड वाढू शकतो. याउलट चीनमधल्या शहरांत बेट कमी झालेलं सापडलं, तिथे लॉकडाउन जानेवारी-फेब्रुवारीत होता, कडाक्याच्या थंडीत, ऊन कमी आणि माणसांची उष्णता त्या मानाने जास्त, त्यामुळे ती बंद झाल्याचा फरक दिसला. तरीही ही घट एका डिग्रीच्या बरीच आत होती. म्हणजे लॉकडाउनने शहरं गार झाली का याचं उत्तर शहर कोणतं, महिना कोणता, दिवस की रात्र यावर बदलतं, आणि जिथे घट झाली तिथेही ती फॉरवर्डमधल्या आकड्यांइतकी मोठी नव्हती.

मग निदान ग्लोबल वॉर्मिंगला तरी ब्रेक लागला असेल?

नाही. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आदल्या वर्षीच्या सरासरीपेक्षा साधारण १७ टक्क्यांनी कमी झालं होतं, पण त्याच वर्षी मे महिन्यात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हवेतलं त्याचं प्रमाण ४१७ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४१७ भाग, मोजलं गेलं, तोपर्यंतचं सगळ्यात जास्त. टाकी भरतेय, नळ थोडा बारीक केला, तर पाणी हळू चढतं, उतरत नाही.

तर शहरासाठी यातून हाती काय लागतं

माझ्या मते खूप काही. एरवी कुठल्याही शास्त्रज्ञाला कुणी कोट्यवधी गाड्या महिनाभर बंद ठेवून दिल्या नसत्या. त्या बंद झाल्या, आणि तरी रात्री अकराला भिंत कोमट होती, म्हणजे उष्णतेचा मोठा साठा कुठे आहे ते आपल्याला कळलं. तो भिंतीत, स्लॅबमधे, रस्त्यात आहे. ल्यूक हॉवर्डच्या लंडनमधे मोटारी नव्हत्या तरी बेट होतं ते आठवा.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की शहरं गार होतील असं खूप जण धरून चालतात. हवा नक्की स्वच्छ होईल आणि तेवढ्यासाठीच त्या यायला हव्यात, इंजिनाची वाया जाणारी उष्णताही कमी होईल, पण त्या गाड्यांसाठी रस्ता तेवढाच रुंद आणि काळा ठेवला, कडेची वडा-पिंपळाची झाडं त्याच रुंदीकरणात तोडली, तर संध्याकाळचा उकाडा तिथेच राहणार. पुरेसं पाणी मिळालेलं मोठं झाड दिवसाला शंभरेक लिटर पाणी पानांतून बाहेर टाकू शकतं, त्याचा हिशोब केला तर एक टनाचा एसी वीसेक तास चालवल्याइतका गारवा होतो, शिवाय सावली वेगळी, आणि एसीसारखी खोलीतली उष्णता गल्लीत फेकली जात नाही. असं झाड तोडून त्याच्या बदल्यात शहराबाहेर दहा रोपं लावली तर कागदावर हिशोब जुळतो, गल्लीत नाही जुळत. याबद्दल मला खरंच राग येतो.

आयआयटी भुवनेश्वरच्या संशोधकांनी २०२४ मधे १४१ भारतीय शहरांच्या रात्रीच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा अभ्यास मांडला, त्यात शहरं आजूबाजूच्या भागापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त वेगाने तापताना दिसली. हा जास्तीचा भाग शहर वाढण्याशी जोडलेला आहे, म्हणजे निदान हा भाग तरी महापालिकेच्या, बिल्डरच्या, सोसायटीच्या हातातला आहे, त्यासाठी जागतिक कराराची वाट बघायला नको. पुण्यात उन्हाळ्यात पेपरमधे किमान तापमानाची चौकट येते ती वाचत जा, एका बाजूला मगरपट्टा, कोरेगाव पार्क आणि दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर, एनडीए (लष्करी अकादमीचा परिसर) यांच्यात एकाच रात्री कित्येक डिग्रीचा फरक असतो. कमाल तापमानापेक्षा हा आकडा जास्त बघण्यासारखा आहे, कारण उष्णतेच्या लाटेत शरीराला सावरायला रात्र मिळते, तीच गरम राहिली तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि दिवसभर उन्हात काम करणारे यांना सावरायला वेळच मिळत नाही. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना तर दुपारही तशीच आणि रात्रही.

अहमदाबादने २०१० च्या भीषण लाटेनंतर २०१३ मधे उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला, आणि पुढे त्यात छपरं पांढरी करायचा कार्यक्रम घेतला. पांढरं छप्पर ऊन शोषायच्या आधीच परत पाठवतं, म्हणजे जो मोठा बर्नर आपल्याला बंद करता येत नाही त्याच्यावर निदान झाकण. आमच्या सोसायटीत मी दोन मीटिंगमधे हा विषय काढला, तिसऱ्या वेळी लोक तयार झाले, आणि एका रविवारी आम्ही चुना, थोडा फेविकॉल आणि मोठे ब्रश घेऊन गच्ची रंगवली. पहिला हात पातळ द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, मगच दुसरा, नाहीतर पापुद्रे निघतात. पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चढायच्या आधी, परत मारावा लागतो.